भाटबुवांच्या चोपड्यातले डाग

१२ जाने.
"अंगठा काढा बुवा, ओळ झाकली जातेय." काढला नाही. फोटो तसाच घेतला. पुन्हा म्हटलं, तेव्हा काढला. दुसरा फोटो. पुढचं पान.

भाटबुवा गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे, दिंडोलीत उतरलेत. दर काही वर्षांनी खानदेशातून येतात, समाजाच्या घरोघरी वंशावळ वाचतात, नवे जन्म लिहून घेतात. ज्या घरी बसतील त्याच घराचं पान. शेजारच्या ओळींवर तळहात. जुनी सवय. मला सगळ्या चोपड्याचे फोटो घेऊ देतायत, हेच पुष्कळ.

शाई घरगुती, काळी. जागोजागी पसरलेली. "तापीच्या पुरात भिजला का हो?" विचारलं. हसले. माझ्या तक्त्यात शेरा: पाणी लागले.

२६ जाने.
झेंडावंदन करून घरी. मग टंकन. दत्तकांचा सांधा आज जमला. दत्तक गेलेला मुलगा जन्मघरच्या पानावर एकदा, दत्तकघरच्या पानावर दुसऱ्यांदा. आडनाव निराळं, कूळ निराळं. आजवर ती दोन माणसं होती. आता नाव टाकलं की दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडतात.

बुवांना दाखवलं.
"दोन घरं एका ताटात वाढली तुम्ही."
मला ते कौतुक वाटलं.

८ फेब्रु.
वंशावळीची साइट सुरू. समाजमंडळाच्या हॉलमध्ये गर्दी. लोक आजोबा-पणजोबांची नावं टाकून पडद्याचे फोटो काढत होते. नवागामचे सुकदेवभाऊ लूमवरून तसेच आले, केसांत सुताची कसपटं. त्यांची कोमल माझी जुनी विद्यार्थिनी. उन्हाळ्यात लग्न आहे, मुलगा कामरेजचा.
"ताई, मना आजाना आजा दिखना!" डोळे पुसत होते. पेढा दिला.
चांगला दिवस.

१५ फेब्रु.
कोमलचं लग्न थांबलं.

मुलाच्या काकांना पत्रिकेत पूर्वजांची नावं छापायची होती. साइटवर दोन्हीकडची टाकली. दोन्ही रेघा वर जाऊन एकाच बापाला मिळाल्या. मुलाचे खापरपणजोबा दत्तक गेलेले. कोमलच्या खापरपणजोबांचे सख्खे भाऊ. म्हणजे भाऊबंद. आपल्यात भाऊबंदांत लग्न होत नाही. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

तपासलं. परत तपासलं. चूक नाही. चूक असती तर

१६ फेब्रु.
कोमल आली. बसली नाही. सचिन गावच्या कारखान्यातून कामावरून थेट, डबा हातात.
"ताई, लग्नाची वाडी बुक झालीय, साड्या घेऊन झाल्या. आणि काल त्याच्या काकांनी मला फोनवर बेटा म्हटलं. आता काय, राखी पाठवू त्याला?"
मी म्हटलं, मी फक्त जोडलं, लिहिलं मी नाही.
"तुम्हीच शिकवायच्या ना शाळेत, वाचलेलं विसरायचं नाही. मग आता त्याला कसं विसरायला सांगू?"
डबा विसरून गेली. मी धुऊन ठेवला.

फळ्यावर आज तारीख चुकीची लिहिली.

१९ फेब्रु.
सुकदेवभाऊ दारात. आत येत नाहीत.
"बुवा म्हणस, यंत्र चुकनं. यंत्र खोटं बोलस का, ताई?"
बुवांनी दोन्ही घरी तसं सांगितलंय. मला न विचारता. सुकदेवभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, बघते. बघण्यासारखं काही नाही. मला माहीत आहे, बुवांनाही माहीत आहे.
हे म्हणाले, "एक शब्द बोलायचा. चुकलं. पोरीचं भलं होईल." आणि मग? उद्या कुणी विचारलं, बाकीचं खरं कशावरून, तर?

२१ फेब्रु.
दुपारी बुवांनी पेलाभर पाणी मागितलं. मी आणून दिलं. प्याले नाहीत. चोपडा उघडला, मुलाकडचं पान काढलं, बोट पेल्यात बुडवलं आणि दत्तकाच्या ओळीवर फिरवलं. सावकाश. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

मी ओरडले असणार. हे आतून धावत आले.
"बुवा, हे काय केलंत?"
"लग्न राखलं."
"खोटं केलंत!"
"लिहिलं कुठे काही? पाणी लागलं." फुंकर घातली. "माझा बाप हेच करायचा. त्याचा बाप करायचा. आम्ही एका घरचं दुसऱ्या घरी वाचत नाही, तरी कुठेतरी कळतंच. मग पाणी लागतं."
"आणि मला फोटो का काढू दिलेत?"
बोट धोतराला पुसलं. म्हणाले, "चोपडा टिकावा असं मलाही वाटतं ना बाई. मला मुलगा नाही."

बुवा उठून गेल्यावर तक्ता उघडला. शोधात घातलं: पाणी लागले. पडद्यावर ओळी वर सरकत राहिल्या, संपेनात. मी हे सगळं माझ्या हाताने टंकलंय. पूर समजून. यातली कुठली ओल पावसाची, कुठली बोटाची?



२२ फेब्रु.
बुवा चोपडा घेऊन कामरेजला गेले. दिवसभर काही कळलं नाही. कोमलचा डबा ओट्यावरच.

२३ फेब्रु.
सकाळी सुकदेवभाऊंचा फोन. व्याह्यांनी पान पाहिलं. डाग आहे, नाव नाही. ते तयार आहेत. साइटवरचं तेवढं आज काढा, म्हणाले. कोमल मागून काहीतरी बोलत होती, ऐकू आलं नाही.

पहिल्या दिवसाचे फोटो उघडले. त्या पानाचे दोन आहेत. एकात ओळीवर बुवांचा अंगठा, एकात ओळ. साइटवर दुसरा आहे; पहिला चढवला तर नुसता अंगठा दिसेल.
दोन्ही पडद्यावर उघडे ठेवून शाळेत गेले.