लोकरीच्या खोळी

प्रिय कैसार,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या ऑफिसातली मुलगी दर वेळी गोड आवाजात सांगते, साहेब मूल्यमापनाला बाहेरगावी गेलेत. अजून किती जणांचं मूल्यमापन करणार आहेस रे बाबा? शेवटी अल्माटीला लेकीकडे निघालेल्या शेजारणीच्या हाती हे पत्र देतेय. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावलंय.

इथे माळावर अजून बर्फ आहे. तेलाचे पंप चालू आहेत, माझी प्रयोगशाळाही चालू आहे, तेलातलं गंधक मोजणं सुटलेलं नाही. फाटकावर तुझं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लावलंय. आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरणाच्या व्यवस्थेत आमचं केंद्र म्हणे पाचपैकी चौथ्या पायरीवर पोचलंय, सुरक्षेची जाण आमच्या अंगात मुरलीय. खाली तुझी सही, कॉलेजात होती तशीच, शेपूट वर उडवलेली. कामावर जाताना रोज ती दिसते आणि सकाळी सकाळी तोंड कडू होतं.

ऑक्टोबरात तू येणार म्हणून काय धावपळ होती! अंगणातले दगडसुद्धा पांढरे रंगवले. थंडीत विषारी वायूचे सेन्सर उगाच बोंबलतात, प्रत्येक अलार्मला पंप थांबतात आणि फाटकावरच्या फलकावर अपघातमुक्त दिवस पुन्हा शून्यावर येतात, हे आमच्या मुकादमाचं, तोलेगेनचं जुनं रडगाणं. त्यावर त्याने वस्तीतल्या बायकांकडून जाड लोकरीच्या खोळी शिवून घेतल्या, प्रत्येकीवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि एकेका सेन्सरला एकेक चढवली. मी म्हटलं, "अरे, नाक बांधलेला माणूस वास कसा घेणार?" तर म्हणतो, "आपा, तुम्ही तुमच्या बाटल्या सांभाळा. पाहुण्यांना छान दिसतंय." आणि पाहुण्यांना खरंच छान दिसलं. खोळीजवळ उभा राहून तू संचालक शायमर्दानसोबत फोटो काढलास, अहवालात 'स्थानिक परंपरेतून उमललेला कामगारांचा पुढाकार' असं लिहिलंस. उमललेला! तुला लाज कशी वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

कामगारांना तू प्रश्न विचारलेस ते संचालकांना शेजारी उभं करून. "धोका वाटला तर काम थांबवता का?" सगळे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात "थांबवतो!" माझा धाकटा भाऊ एल्दोस, पंपांवरचा फिटर, त्या रात्री घरी येऊन हसत होता. "आपा, तुझा मित्र आम्हाला विचारत होता की पढवत होता?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तो हुशार आहे, त्याला सगळं दिसतं. विश्वास होता माझा.

विश्वास असायला कारणही होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि मग अचानक यायचाच बंद झाला, तेव्हा वर्गात तू एकटाच ओरडला होतास, "वास गेला म्हणजे वायू गेला नाही, नाक मेलंय, पळा!" स्टूल घालून खिडकी फोडलीस, मला दंडाला धरून ओढत बाहेर आणलंस. त्या कैसारवर माझा जीव होता. तो सूट घालून, जेवणाच्या दस्तरखानाशी मांडी ठोकून, तूप ओघळणारं मटणाचं बेशबारमाक चापत "उत्तम, उत्तम" करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या जेवणात मानाच्या पाहुण्याला देतात तशी मेंढीची मुंडी तुझ्यासमोर ठेवली. तू रीतीप्रमाणे कान कापलास आणि पंगतीतला सगळ्यात लहान म्हणून एल्दोसला दिलास. वर म्हणालास, "घे, मोठ्यांचं ऐकत जा." एल्दोसने तो दोन्ही हातांत घेतला. एका मुलीचा बाप आहे, पण लाजला.

त्याने ऐकलं रे. जानेवारीत पंपघरात गळती लागली. तो दाराशी थांबला, म्हणाला, आधी वायू मोजून बघू. तोलेगेन म्हणाला, "अलार्म वाजतोय का? नाही ना? मग जा की! नव्या नवरीसारखा काय अडलायस?" आत सेन्सर होता, तुझी ती उमललेली खोळ घालून मुकाट बसलेला. एल्दोस आत गेला तो कोसळलाच, त्याला दोरीने ओढून काढलं. जगला, पण हात थरथरतात, चमचा धरवत नाही, आणि लेकीचं नाव आठवायला त्याला वेळ लागतो. ते बघवत नाही मला.

दुसऱ्या सकाळी केंद्रावर एकही खोळ नव्हती. तोलेगेनने सगळ्या गोळा करून जाळल्या, वास दुपारपर्यंत होता. आता चौकशी समितीपुढे म्हणतात, खोळी कधी नव्हत्याच, आवाजाचा त्रास नको म्हणून एल्दोसनेच त्या एका सेन्सरला आपला मफलर गुंडाळला असावा. पुरावा काय, तर तुझा अहवाल! चौथ्या पायरीवरच्या केंद्रात व्यवस्थेची चूक होऊच कशी शकते? समितीला दिलेल्या प्रतीत तो फोटो नाही, ते 'उमललेलं' वाक्यही नाही, हे वेगळं सांगायला नको. शिवणाऱ्या बायकांचे नवरे इथेच नोकरीला, त्या खाली मान घालून बसतात. माझं म्हणणं बहिणीचं म्हणून बाजूला ठेवलं. दोष शंभर टक्के त्याचा ठरला की औषधपाणी बंद, नोकरी बंद, आणि जन्मभर तो स्वतःच्या चुकीने लुळा झालेला माणूस. काल मला म्हणाला, "आपा, मी मफलर गुंडाळला होता का गं? मला आठवत नाही." त्यालाच आता शंका येतेय. एवढं कोणाला माफ करू मी?

शिव्या द्यायच्या म्हणून हे पत्र लिहिलं नाही, त्या ओघात आल्या. निघताना शायमर्दानने तुझ्या खांद्यावर मानाचा झगा चढवला आणि हातात एक कोरी खोळ दिली, आठवण म्हणून. नवीन वर्षाच्या शुभेच्छांचा तुझा फोटो मी पाहिलाय. तुझ्या टेबलावर तीच आहे, आत पेनं खोवलेली. जाळायची राहिलेली ती एकटीच. शुक्रवारी समिती शेवटची बसतेय. पेनं काढ, खोळ घे आणि गाडीत बस. ती समितीपुढे ठेवायची, आणि ऑक्टोबरात अशा किती सेन्सरांवर पाहिल्यास ते तुझ्या तोंडाने सांगायचं. तुझी चौथी पायरी जाईल, कदाचित कामही जाईल. जाऊ दे. एकदा तू खिडकी फोडली होतीस.

'तुझीच' लिहायचं की नाही, ते शुक्रवारी स्टेशनवर ठरवीन. तोवर नुसतीच,

मारझिया