चेंडू कुठाय?

आप्पा,

तुम्हाला फुटबॉल कळत नव्हता. कुठला संघ कुठल्या बाजूला गोल करतोय, हे तुम्ही मॅच संपत आल्यावर विचारायचात. तरीही जुन्नरच्या बाजारातल्या आपल्या स्पीकरच्या दुकानात, उघडलेले भोंगे आणि दुरुस्तीला आलेले ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ठेवलेल्या टीव्हीवर तुम्ही फुटबॉल लावायचात, कारण त्याचा आवाज तुम्हाला आवडायचा. एका वर्षी परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत अख्खं स्टेडियम पिपाण्या वाजवत होतं. दुकानात आलेला एक जण म्हणाला, "भाऊ, बारीक करा की. आग्या मोहोळ उठल्यागत वाटतंय." तुम्ही म्हणालात, "वरचं सोडून द्या. त्येच्या खालचं ऐका." मग मला जवळ बोलावून डोळे मिटायला सांगितलंत. पिपाण्यांच्या खाली, बऱ्याच खाली, बूट चेंडूला लागल्याचा आवाज होता. ठप्प. पुन्हा ठप्प. "मैदानाच्या कडंला गवतात माइक ठिवलाय," तुम्ही म्हणालात. "कुणीतरी वाकून ठिवला आसल का न्हाई?"

तो कुणीतरी आता मी आहे. मॅचच्या दिवशी सकाळी मी मैदानाच्या रेषेलगत वाकत माइक ठेवत जाते, वारा लागू नये म्हणून त्यांना केसाळ टोप्या घालते, आणि दुपारी प्रक्षेपणाच्या गाडीत बसून त्यांचे, प्रेक्षकांचे आणि समालोचकांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवते. अवसरीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला तुम्ही मला मोटरसायकलवरून नेलंत, तेव्हा म्हणाला होतात, "इलेक्ट्रॉनिक्सच घे. सोल्डरिंग तर तुला येतंच." पहिली परीक्षा व्हायच्या आत तुम्ही गेलात. त्यामुळे मी काय काम करते हे सांगायचं राहिलं. पण फक्त तेवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसले नसते.

त्या टीव्हीपाशी तुम्ही आणखी एक गोष्ट करायचात. चेंडू मैदानाबाहेर गेला की कॅमेरा प्रेक्षकांत जायचा आणि एखाद्या तरुण मुलीवर थांबायचा. दुकानातली माणसं पुढे सरकायची. "आरं थांब, थांब, लगेच नको काढू." तुम्ही तोंडातला स्क्रू-ड्रायव्हर काढून विचारायचात, "चेंडू कुठाय?" दुकानात हशा व्हायचा. "भाऊला चेंडूच बघायचाय!" तुम्ही चिडलेले नसायचात आणि कुणाला शिकवतही नसायचात. कारागिराची साधी तक्रार होती ती. खेळ दाखवायला कॅमेरा लावलाय, मग खेळ दाखवा.

पण तुमचा आवाज आठवला की मला दुकान दिसत नाही, शर्यतीचा घाट दिसतो. बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी येण्याआधीचा. जत्रेच्या दिवशी माणसं जमायच्या आत आपण पोचतो. तुम्ही चढावर भोंगे बांधता, मला खाली, गाडे सुटतात तिथे उभं करता, आणि वर जाऊन रिकाम्या घाटात एका गाड्याची अख्खी धाव, खोटीच बारी, पुकारता. "गाडा सुटला, सुटला, घोडी पुढं, बैल खांद्याला खांदा लावून आलं, आलं, आलं, झाली बारी!" एकही बैल नसतो. शब्द नीट पोचले की मी हात वर करते. बाकीचे स्पीकरवाले हॅलो, वन टू थ्री म्हणायचे. तुम्ही अख्खी बारी पळवायचात, आणि फार चांगली पळवायचात. माणसं आली की मात्र माइक निवेदकाच्या हातात जायचा आणि तुम्ही ॲम्प्लिफायरच्या मशीनपाशी. चालू घाटात तुम्ही कधीच का बोलला नाहीत, हे मी विचारलं नाही. आपल्या वस्तीत काही गोष्टी न विचारताच माहीत असायच्या.

सकाळी आवाज एकदा लावला की दिवसभर बटणाला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम होता. एखाद्या बड्या मालकाचा गाडा जुंपला की त्याची माणसं मशीनपाशी यायची. "आमच्या बारीला जरा वाढवा की राव." तुम्ही दोन्ही हात पाठीमागे घ्यायचात. "सकाळी लावलाय. ज्येची बारी, त्येला तेवढाच."

मी तेरा वर्षांची असताना एका जत्रेत निवेदक जेवायला उतरला आणि एक गाडा जुंपून तयार झाला. निशाण पडलं. माइक समोर पडला होता. मी तो उचलला आणि बारी पुकारली, तुमच्याच शब्दांत, शेवटपर्यंत. घाटात हसू फुटलं. "आयला, पोरगी बोलतीया! बैल लाजत्याल की!" जत्रेच्या कमिटीतला एक जण वर आला. "ओ भाऊ, पोरीला घरी धाडा. घाट हाय ह्यो, शाळंचं ग्यादरिंग न्हाई." तुम्ही माझ्या हातातून माइक घेतलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. परत येताना टेम्पोत, नारायणगावच्या अलीकडे म्हणालात, "गळ्यातनं बोललीस. पोटातनं बोलायचं." बस, एवढंच. त्या हसणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला मोठे हेडफोन आणून दिलेत, त्यांच्या फाटक्या गाद्यांना आईनं सुती कापड शिवलं, आणि माझी जागा मशीनपाशी ठरली. "हितं बस. हितं कुणी बघत न्हाई." तेव्हापासून मी माइकच्या मागच्या बाजूलाच आहे. तुम्ही मला तिथे बसवलंत ते माझे कान चांगले होते म्हणून, की माइकची बाजू माझी नाही म्हणून, हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेले नाही.

आता अलीकडचं सांगते. मुलींची उपांत्य फेरीची मॅच होती. मुलींच्या मॅचला कॅमेरे कमी देतात, पुरुषांच्या मॅचच्या निम्मेसुद्धा नाहीत. समालोचनाच्या खोलीत दोघं जण होती. एक सर, ज्यांचा आवाज घरोघरी ओळखीचा आहे, आणि एक ताई, कोल्हापूरच्या, स्वतः गोलरक्षक म्हणून खेळलेल्या. सकाळी मी माइक तपासायला गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "काय गं इंजिनियर, आज टोचणार न्हाई न्हवं माझा आवाज कुणाला?" गेले काही सामने सर तक्रार करत होते की बाईचा आवाज कानाला टोचतो. टोचायचा, ते खरं होतं, कारण आधीच्या माणसानं सरांच्या जाड आवाजासाठी केलेली जुळणी तशीच ताईंच्या माइकलाही ठेवली होती. मी त्यांची जुळणी वेगळी केली, दोन्ही आवाज मोजून सारखे लावले, आणि सांगितलं, "आता टोचला तर दोष कानाचा."

मॅचच्या उत्तरार्धात चेंडू बाहेर गेला. दिग्दर्शकानं, त्याचा आवाज आम्हा गाडीतल्यांच्याच कानात येतो, हाताशी असलेल्या चारच कॅमेऱ्यांतला एक गॅलरीत पाठवला. गुलाबी ओढणीतली एक मुलगी सापडली आणि तेच चित्र पुढे गेलं. मैदानावर बावीस मुली खेळत होत्या आणि कॅमेरा गॅलरीत मुलगी शोधत होता. सर मॉनिटर बघत होते. म्हणाले, "वा! आज मैदानाबाहेरही बघण्यासारखं पुष्कळ आहे. मॅडम, तुम्ही सांगा, हा रंग कुठला म्हणायचा? राणी की डाळिंबी?" ताई मैदान बघत होत्या. "थ्रो घेतलाय सर! डावीकडं मोकळी आहे ती, एकटी आहे, पुढं कुणी न्हाई—" सर त्यांच्यावरून बोलत राहिले, आणि बोलता बोलता फक्त माझ्याशी बोलायचं बटण दाबून म्हणाले, "हिचा आवाज खाली घे. टोचतोय."

सरांचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी माझ्या डाव्या हाताखाली होती, ताईंची उजव्या. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. चित्र मैदानावर परत आलं तेव्हा चेंडू जाळीत शिरत होता. थ्रो कुणी घेतला, पास कुठून आला, हे घरी बसलेल्यांना फक्त ताईंच्या आवाजातून कळलं.

मॅचनंतर निर्मात्यानं मला गाडीबाहेर बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "सर फार चिडलेत. तू एवढंच म्हण की ताईंची लेव्हल चुकून जास्त राहिली. तांत्रिक चूक. विषय संपतो."

"लेव्हल बरोबर होती."

"अगं, इथे लेव्हल कोण विचारतंय?"

"मला तेवढंच सांगता येतं."

त्यानं पायात आलेली केबलची गुंडाळी उचलून बाजूला ठेवली. मी चूक म्हटलं असतं तर ताईंचा आवाज जास्त होता हे माझ्याच तोंडून ठरलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक सामन्यात तो खाली गेला असता, माझ्या नावावर. त्याला ते कळत होतं असं मला वाटतं. शेवटी म्हणाला, "मग फायनलला तू नको." ताईंना ठेवलं. मुलींची फायनल आहे, खोलीत एक बाई दिसायला हवी.

तिथे गाडीच्या पायरीवर बसून माइकच्या टोप्या पिशवीत भरताना मला घाटातलं एक चित्र आठवलं, जे कुठे गेलं होतं कोण जाणे. तुम्ही माझ्या हातातून माइक घेतल्यावर कमिटीतल्या त्या माणसानं हात पुढे केला होता. "आणा हिकडं, मी बोलतो." तुम्ही माइक टेबलावर ठेवून त्याच्यासमोर उभे राहिलात, हात पाठीमागे. "निवेदक जेवतोय. आला की बोलंल." पुढची बारी मुकी गेली. बैल धावले, धूळ उडाली, मालक खालून ओरडत होता, "आरं, बोला की कुणीतरी!" आणि भोंग्यांतून काही येत नव्हतं. मी इतकी वर्षं एवढंच धरून बसले होते की तुम्ही माइक माझ्याकडून घेतलात. तुम्ही तो दुसऱ्या कुणालाही दिला नाहीत. हा माझ्या बाजूनं दिलेला जबाब होता की फक्त निवेदकाचा मान राखणं होतं, मला माहीत नाही. जे मोजता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. पण विचारायला तुम्ही हवे होतात.

फायनलच्या दिवशी मी जुन्नरला आले. आपल्या दुकानात आता मोबाइलवाला आहे, टीव्ही स्वयंपाकघरात आलाय. आई पाटावर बसून मेथी निवडत होती. मॅच सुरू झाली आणि पहिल्याच वाक्याला मला कळलं की ताईंचा आवाज खाली घेतलाय. फार नाही. कुणाला कळणार नाही, फक्त ऐकणाऱ्याला वाटेल की ही बाई जरा दबून बोलते. मी रिमोटनं आवाज वाढवला, तर सरच मोठे झाले. घरून वाढवला की सगळ्यांचाच वाढतो. आई म्हणाली, "बारीक कर गं, कान फाटत्यात." मी म्हटलं, "त्या ताईंचं ऐकू येत नाही." आई म्हणाली, "मग त्येला गप करा की." मग चेंडू बाहेर गेला, कॅमेरा गॅलरीत गेला, कुणा खेळाडूच्या बहिणीवर थांबला, आणि सर तिच्या हसण्याबद्दल बोलू लागले. आईनं मेथीतून मान वर न करता विचारलं, "चेंडू कुठाय?"

आप्पा, ती तुमच्यासारखंच म्हणाली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. चित्र परत मैदानावर आलं आणि मी बोलायला लागले. कुणी पास दिला, कोण मोकळी आहे, बचाव कुठे फाटलाय. मला खेळ कळतो, तुम्हाला कळत नव्हता. थोडं बोलून मी थांबले, कारण स्वयंपाकघरात स्वतःचाच आवाज ऐकणं विचित्र वाटतं. आई म्हणाली, "थांबलीस का? बोल की. मला कळाया लागलं व्हतं." मग मी मॅच संपेपर्यंत बोलले. भाकरीचा तवा तापून तसाच राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पुढच्या हंगामात मला बोलावतील की नाही ते कळेल तेव्हा कळेल. ताईंचा फोन आला होता, त्या एवढंच म्हणाल्या, "तू न्हवतीस, लगेच कळलं मला." आवाज माझा अजून गळ्यातूनच येतो, आप्पा. आणि एक सांगते, आईला दिसलं नसावं. बोलताना मी दोनदा दाराकडे बघितलं. शब्द नीट पोचले की खाली उभं असलेल्यानं हात वर करायचा असतो.