चष्मा लावून मारलेली गाठ

बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज मागावर मुद्दाम चष्मा लावून बसलो. चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर केल्यावर डोळे असेच होतील ना? डॉक्टर म्हणाले, दूरचं लख्ख दिसेल. पण या वयात जवळचं पाहायला वेगळा चष्मा लागेल. माझं आजवर उलट चाललंय. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा तुटला की मी चष्मा काढतो, नाक धाग्याजवळ नेतो आणि गाठ मारतो. हे मला कोणी शिकवलं नाही. करवतीच्या दात्यांसारखा करवतकाठ विणायलासुद्धा जुनं लुगडं पाहून माझा मीच शिकलो.

मोटरसायकलवर घामाने चष्मा घसरणार नाही, हे सुख मोठंच. डोळे कोरडे पडतील, दिव्यांभोवती वलयं दिसतील, त्याची भीती नाही. भीती गाठीची.

बायको हसली. "पन्नाशीत हिरो बनून राहिले काय जी?"

तेवढ्यात धागा तुटला. चष्म्यातून पाहतो तर नुसतं धुकं, तलावावर पहाटे उतरतं तसं. बोटांनीच गाठ मारली. चष्मा काढून पाहिली. तांदळाच्या कणीएवढी जाड!

"कोनाले दिसते थे?" ती म्हणाली.

मला दिसते ना. कापली, पुन्हा मारली, बारीक. ठरलं, लेसर नाही.

मग तसाच, चष्म्याविना, अंगणात आलो. रस्त्यावरचे दिवे झेंडूएवढे फुलले होते. समोर कोणीतरी उभं, की संध्याकाळच तेवढी दाट?

"कोन हाय?"

"जवळ येऊन पाहा ना जी."

गेलो. बायकोच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा स्पष्ट दिसला.