पोट सोडा, काजलताई!

८ फेब्रुवारी

ऑपरेशन! डॉक्टरीणबाईंनी शब्द उच्चारला आणि मी खुर्चीतून उठलेच. पोट रोज साफ होत नाही, होतं तेव्हा रडतखडत, आणि आतल्या जखमेतून रक्त पडतं — हे सगळं खरं. पण ऑपरेशन? "मार्च संपेपर्यंत औषध घे. फरक नाही पडला तर दुसरा इलाज नाही," म्हणाल्या. आणि मी दारात पोचल्यावर: "योगा वगैरे कर. दिवसभर बसूनच असतेस ना?"

बसून! कंडक्टर बाई बसते कधी? चिखली ते जळगाव जामोद, गळ्यात तिकिटाचं मशीन, पुढून मागे, मागून पुढे. त्यांना एकदा आणायला हवं माझ्या गाडीत, लग्नसराईत.

गोपालला सांगितलं. नवरा म्हणतो, "एरंडेल घेऊन पाह्य ना." काय उपयोगाचा माणूस!

११ फेब्रुवारी

गेले एकदाची. आमच्या गल्लीच्या टोकाला शाइस्ता मॅडम राहतात. शाळेत पीटी शिकवतात आणि पहाटे हॉलमध्ये बायकांना योगा. मला वाटलं होतं, सगळ्या सडपातळ असतील. कसल्या! सगळ्या माझ्यासारख्याच.

पवनमुक्तासन घेतलं. पाठीवर झोपून गुडघे पोटाशी आवळले आणि — जे व्हायचं ते झालं. मोठ्याने! अख्खा हॉल घुमला. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. शाइस्ता मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, "माशाल्ला. पह्यल्याच दिवशी लागू पडलं."

बायका लोळून लोळून हसल्या. मग मीही. किती महिन्यांनी पोट दुखेपर्यंत हसले — निदान दुखण्याचं कारण तरी बरं होतं!

१२ फेब्रुवारी

मांड्या गेल्या कामातून. गाडीच्या पायऱ्या चढताना "आई गं" निघालं. उद्या जाणारच.

१५ फेब्रुवारी

वज्रासन. पाय मुडपून टाचांवर बसायचं. माझे घोटे बोंबलले. शाइस्ता मॅडम म्हणाल्या, "मी तर लहानपणापासून अशीच बसते, नमाजले. तुम्हाले काय जड जाते?" जेवल्यावर हे एकच आसन चालतं म्हणे. बाकीची सगळी उपाशीपोटी.

१६ फेब्रुवारी

ऐकलं नाही. अति शहाणी ना मी! जळगावला डबा खाल्ला, पिठलं-भाकरी-ठेचा, आणि स्टँडवरच्या आमच्या विश्रांतीच्या खोलीचं दार लावून मारलं पवनमुक्तासन. लवकर गुण यावा म्हणून! ठेचा जसा गेला तसा घशाशी आला. आमचे ड्रायव्हर प्रेमानंदभाऊ बाहेरून विचारतात, "काऊन बाई, तब्येत बरी नाई का?" डोळ्यांतून पाणी, नाकातून मिरची — काय सांगणार त्यांना!

२३ फेब्रुवारी

झालं! सकाळी! आपोआप! रक्ताचा टिपूस नाही!

कोमट पाणी प्याले, ताडासनात टाचा उचलून चालले, थोडं वळले-वाकले आणि हाक आली. खरीखुरी हाक! गोपालला हलवून उठवलं आणि सांगितलं. "अभिनंदन," म्हणाला आणि कूस बदलली.

दिवसभर हलकी. तिकिटं देताना गाणं गुणगुणत होते. एक आजोबा म्हणाले, "आज सुट्टे पैसे बी हसून मांगून राह्यली बाई."

१ मार्च

आज गाडीत मजा! खामगावला डबा खाल्ला आणि पुढे गर्दी नव्हती, तर माझ्या सीटवरच वज्रासनात बसले. रुखमाबाई — नांदुऱ्याला मिरच्या विकायला जाते ती, कायमची पॅसेंजर — म्हणे, "हे काय वं माय, खुडूक कोंबडीवानी बसली?" मी सांगितलं, जेवण पचतं याने. झालं! पार मागच्या सीटपर्यंत चर्चा. कोणाला ढेकरा, कोणाला गॅस, कोणाला चार-चार दिवस काहीच नाही. नवऱ्यासमोर न बोलणाऱ्या बायका पोटाबद्दल अशा बोलल्या की प्रेमानंदभाऊंनी आरसाच वर केला!

उतरायच्या आधी रुखमाबाईला पाण्याची बाटली दिली, घेतली नाही. "गाडीत पाणी नाई पेत मी." शहाणी बाई. मीही नाही पीत. डेपोतून निघाले की परत डेपोत येईपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं. अकरा वर्षं हेच. नव्या कंडक्टर पोरींना मीच शिकवते.

६ मार्च

आज अडले. श्वास पोटात घ्यायचा, पोट फुगू द्यायचं. सोपं वाटतं. "पोट सोडा, काजलताई," शाइस्ता मॅडम म्हणत होत्या. सोडायचं कसं? मी सोडते असं वाटतं आणि ते तस्संच! त्यांनी तळवा ठेवून बघितलं.

"ताई, हे तं दगड झालं. काय धरून ठेवलं एवढं?"

हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन दार लावलं आणि पुन्हा करून पाहिलं. नाही सुटत. मला सोडताच येत नाही. शिकलेच नाही, की विसरले?

७ मार्च

भांडण. शाइस्ता मॅडमनी विचारलं, दिवसभरात पाणी किती? सांगितलं खरं-खरं. तर वर्गासमोर ओरडल्या! "आणि मी तुम्हाले आसनं शिकवून राह्यली? सुकलेल्या आतड्याले पीळ देऊन काय निघन? लागली की दाबायची, आली की रोखायची — पोट बिचारं कव्हा सुटन?"

मी म्हटलं, मॅडम, पाणी पिऊन जायचं कुठे? स्टँडवरच्या संडासांना एक तर कुलूप, नाहीतर पाय ठेववत नाही इतकी घाण. भरल्या गाडीत सगळ्यांना सांगू, थांबा, मला लागली? ड्रायव्हरला काय, गाडी थांबवतो, झाडामागे जातो. मी?

मी चटई गुंडाळली आणि आले. हिला काय जातंय बोलायला!

१५ मार्च

वर्गाला जाणं बंद केलंय. ऊन तापलंय. आज पुन्हा रक्त.

१८ मार्च

शाइस्ता मॅडम दारात! हातात पाण्याची बाटली. म्हणाल्या, "चिडली मी. पण चूक नव्हती बोलली." बसल्या, चहा घेतला. उठताना हळूच म्हणाल्या, "शाळेत मी बी असंच करायची. किडनीत खडा झाला मंग."

उद्यापासून वर्ग. आणि पाणी — बघू.

२० मार्च

काल पाणी प्याले. भरपूर. नांदुऱ्यापासून चिखलीपर्यंत दात आवळून उभी. एका बाईला तिकीट दोनदा दिलं. शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे! रडू येत होतं, आणि राग — कोणाचा, तेही कळेना.

पण आज सकाळी पोट साफ. रक्त नाही. म्हणजे मॅडम बरोबर होत्या. आता मात्र पंचाईत झाली!

२९ मार्च

ऑपरेशन नाही! नाही! नाही!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं. "जखम भरत आली. काय केलंस?" आसनं सांगितली, पोटातला श्वास सांगितला — परवा सुटलं पोट, खरंच सुटलं, फुगलं टम्म! पाणीही सांगितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "औषध चालू ठेव, योगाही. पण रोखून धरणं थांबलं नाही ना, तर परत इथेच येशील. तेव्हा मी विचारत बसणार नाही."

पेढे घेतले. पहिला शाइस्ता मॅडमना. दुसरा गोपालला — त्याने या वेळी कूस नाही बदलली, मिठीच मारली! तिसरा मीच खाल्ला. डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य तेवढं कोणाला सांगितलं नाही.

२ एप्रिल

नांदुऱ्याच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे, मागे स्वच्छ संडास. गाडी रोज पुढून जाते. आज एक घंटी मारली — थांब. प्रेमानंदभाऊंनी वळून विचारलं, "कोन उतरते?" मी म्हटलं, "मी! बाथरूमला!" भरल्या गाडीत. मोठ्याने.

बाहेर आले तर दारापाशी रांग. रुखमाबाई, कॉलेजच्या पोरी, कडेवर लेकरू घेतलेली एक सून — माझ्या गाडीतल्या जवळजवळ सगळ्या बायका खाली उतरल्या होत्या.

रुखमाबाई म्हणाली, "कितीक वर्साची वाट पाहून राह्यलो वं, तू कव्हा घंटी मारशीन म्हणून."