बाबांचा ब्रेक

९ मार्च २०२५, रविवार. ख्राइस्टचर्च

व्हॅन ताब्यात आली! पांढरी, बारा सीटर. माझी पहिली टूर. ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या फार्मसीतली नोकरी सोडली ती ह्याचसाठी. साऊथ आयलंड दाखवायचं, आपल्याच लोकांना, मराठीत. आठ माणसं आहेत, सगळी मुलांकडे ऑकलंडला आलेली. नववे आमचे बाबा. हट्टाने आणलंय.

विमानतळावर बाबांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली — "ही नीलिमा, माझी मुलगी. फार्मसिस्ट आहे." मी तेव्हा बॅगा चढवत होते! नाशिकचे काशिनाथराव म्हणाले, "मग गाडी कोण चालवणार?" बाबांनी तोंड फिरवलं.

स्वतः जन्मभर एसटी चालवली. महाड डेपो, वरंधा घाट. आणि मी चाक धरलं तर लाज वाटते. निघताना म्हणालेच, "हे चाक सुटावं म्हणून शिकवली होती तुला." लागलं मनाला. फार लागलं.

१० मार्च. टेकापो

टूरचा नियम — सीट रोज बदलायची, म्हणजे पुढची जागा सगळ्यांना मिळते. बाबा पुढे बसले ते बसलेच. "मला मागे मळमळतं." साफ खोटं! त्यांचा दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही, एवढंच. दुसऱ्याच्या गाडीत आजवर डोळा मिटलेला नाही, आणि हे अभिमानाने सांगतात. माझ्या लग्नाला पुण्याला जाताना अख्खं वऱ्हाड झोपलं, हे एकटे जागे.

आज दिवसभर त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर ब्रेक दाबत होता. वळण आलं, ब्रेक. मेंढ्या दिसल्या, ब्रेक. मेंढ्या कुंपणाच्या आत होत्या! डोंबिवलीच्या शकुताई म्हणाल्या, "मी तळं बघू की ह्यांचा पाय बघू?"

इरावतीला फोन केला. माझी लेक, नेहमीप्रमाणे इंग्लिशमध्ये — "आबा विल बी फाइन, ममा. स्वीट अ‍ॅज." म्हणजे इकडच्या भाषेत एकदम झकास. हिला काय जातंय सांगायला!

११ मार्च. वानाका

सकाळी बाबा चारही टायरना लाथ मारून आले. सवय.

इथले गावाकडचे ड्रायव्हर समोरून येताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. मीही उचलते. बाबांनी विचारलं, "ओळखीचा?" नाही म्हटलं. पुढची गाडी गेल्यावर म्हणाले, "आम्ही लाइट द्यायचो." किती बरं वाटलं मला!

टिकलं नाही. लिंडिस पासच्या घाटात, उतारावर एकदम ओरडले — "दाब! ब्रेक दाब!" मी दचकून दाबला. चिवड्याचा डबा शकुताईंच्या मांडीवर उपडा. समोर काहीच नव्हतं, आमच्या पुढचा कॅम्परव्हॅनवाला जरा हळू झाला होता, बस. मग माझाही तोल गेला. "बाबा, गाडी मी चालवतेय! परवा गाडी निघेल तेव्हा तुम्ही मागे." सगळ्यांच्या समोर. गाडीत नुसता चिवड्याचा वास.

१२ मार्च

मुक्काम वानाकालाच. बाबा बोलत नाहीत. चहा मात्र माझ्यासाठी करून झाकून ठेवला होता.

१३ मार्च. हास्ट

बाबा शेवटच्या रांगेत. ताठ. आरशात दिसत होते. पाय दिसत नव्हता, पण दाबत असणारच.

हास्ट येईपर्यंत पाऊस असा सुरू झाला की वायपरला काही सुधरेना. पेट्रोल भरताना तिथल्या बाईला विचारलं, पुढे जाऊ का? म्हणाली, रोड इज ओपन, बट आय वुडन्ट, लव्ह. मी ठरवलं, आज इथेच राहायचं. मोटेलात खोल्या होत्या.

काशिनाथराव भडकले. उद्या सकाळचं फ्रान्झ जोसेफ हिमनदीवरचं हेलिकॉप्टर चुकणार. "रस्ता उघडा आहे ना? मग? फार्मसिस्टला काय कळतंय रस्त्यातलं!"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "फार्मसिस्ट राहू द्या बाजूला. ती ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हणेल तेव्हा गाडी निघेल."

बाबा! डेपोतला आवाज! सगळे मुकाट्याने उतरले. मी मोटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

जेवताना भात वाढून घेत म्हणाले, "मीही थांबलो असतो." माझ्याकडे न बघताच. मग लोणचं मागितलं.

१४ मार्च

ऊन! रस्त्यावर फांद्या पडलेल्या, बाकी सगळं ठीक. आज पुढच्या सीटची पाळी काशिनाथरावांची होती. स्वतःहून म्हणाले, "राजारामभाऊ, तुम्ही बसा पुढे." कालचं मनाला लागलं असावं. बाबा म्हणाले, "नको. मागे बरंय."

हास्टचा लांब पूल ओलांडला आणि शकुताईंनी पुढे वाकून हळूच विचारलं, "नीलिमाताई, बाबांना उठवू का? नदी काय सुंदर दिसतेय!" मी आरशात पाहिलं. मान काचेला टेकलेली, तोंड उघडं. दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातलेली.

उठवू नका म्हटलं.