धूळ की मांजरलव

मकासार
ईदनंतरचा चौथा दिवस

प्रिय कानांग,

तुझा निरोप पोचून महिना झाला. तुझ्या भाच्याने दारात उभ्या उभ्याच तो घडाघडा म्हणून दाखवला, "मावशीने विचारलंय, तुमच्या शेवाळाच्या दोऱ्या आता मी चालवू, की तुम्ही परत येताय? एकदाचं हो की नाही सांगा." मी त्याला चहा पाजला, केळ्याची भजी खाऊ घातली आणि उत्तर न देताच वाटेला लावलं. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मागे कोंबड्या ओरडत असतात. म्हणून हे पत्र. चष्मा शोध आणि स्वतः वाच. लेकीकडून, नुरुलकडून वाचून घेऊ नकोस, शेवटी तिच्याबद्दलही आहे.

इथलं सांगायचं तर शमसुल मला जमिनीवर पाय ठेवू देत नाही. "अम्मा, गुडघा गेला, आता समुद्र पुरे. इथेच राहा, पंख्याखाली बस." मुलगा चांगला आहे गं, पण आईला पंख्याखाली बसवलं की आपलं कर्तव्य संपलं असं त्याला वाटतं. आणि खरं सांगू? सुरुवातीला मलाही ते बरंच वाटलं. गेल्या हंगामानंतर मी मनाशी गाठ मारली होती, की समुद्रात उगवणाऱ्या कशाबद्दलही या तोंडाने मत द्यायचं नाही. माझी नजर गेली, असं मी धरून चालले होते. डोळ्यांची नाही, कामाची. ती गेल्यावर मी आपल्या गावी, लाइकांगला येऊन करू काय? तुझ्या निरोपाला उत्तर देता येईना, त्याचं कारण हेच.

आता सुनेची गोष्ट ऐक. रिस्का ऑफिसातून येते, बूट काढते आणि घरात कुणाशी बोलण्याआधी टाकीपुढे जाऊन उकिडवी बसते. खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी, आपल्या जेवणाच्या चटईएवढी लांब. मी आले त्याच महिन्यात तिने ती मांडली होती. आत समुद्रातले दगड, पांढरी वाळू, दोन नारिंगी पट्टेवाले मासे आणि एक बोटाएवढा निळा. पाणी दुकानातून डब्यांत भरून आणते. मी म्हटलं, समुद्र रस्त्याच्या पलीकडे आणि तू पाणी विकत आणतेस? तर म्हणाली, "अम्मा, बंदरातल्या पाण्यात तुम्ही तरी पाय घालाल का?" पोरगी कमी बोलते, पण बोलते तेव्हा खुंटी ठोकते.

तिसऱ्या आठवड्यात टाकीत तपकिरी थर धरला. वाळूवर, दगडांवर, काचेवर, सगळीकडे पिठासारखा. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. तीस वर्षं आपण समुद्रात दोऱ्यांवर शेवाळाचं पीक घेतलं, रोज सकाळी त्या झटकून गाळ काढला. घाण दिसली की माझा हात आधी जातो, डोकं मागून सावकाश येतं. दोघं कामाला गेल्यावर मी सगळे दगड बाहेर काढले, नळाखाली घासणीने खसाखसा घासले आणि मागच्या अंगणात कडक उन्हात वाळत घातले, आपण शेवाळ घालतो तसे! दुपारी पांढरेशुभ्र दगड परत आत रचले आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

कानांग, ते दगड जिवंत होते. त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि तेच पाणी शुद्ध ठेवतात. नळाच्या गोड्या पाण्याने आणि उन्हाने मी ते सगळे मारून टाकले. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. रिस्काने चार दिवस पाणी बदलून बदलून पट्टेवाले दोन वाचवले, निळा गेला. मला ती एका शब्दाने बोलली नाही. न्हाणीघरात जाऊन तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला, एवढंच. शमसुल मात्र म्हणाला, "अम्मा, तू तीस वर्षं समुद्रात काय केलंस?" थट्टेत म्हणाला तो. मला मात्र ते सुरीसारखं लागलं, कारण तोच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते.

पुढे आगीतून फुफाट्यात. मेलेल्या जिवांचं खत झालं आणि पंधरा दिवसांत दगडांवर हिरवं जावळ उगवलं, लांब, मऊ, पाण्यात डुलणारं. एका कोपऱ्यात लाल, बुळबुळीत पापुद्रा पसरला. शमसुलने जाहीर केलं, "ईदला माझे साहेब घरी येणार आहेत. तोवर ही गटार साफ झाली नाही, तर टाकी उचलून देऊन टाकतो." रिस्का माशांचं दुकान चालवणाऱ्या हेंकीकडे गेली. त्याने फोटो पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि सांगितलं, "सगळं फेकून द्या, नव्याने मांडा. नवशिक्यांचं असंच होतं." घरी येऊन ती टाकीपुढे बसली आणि रडली. त्या रडण्याला मी कारण होते, मग मी पंख्याखाली कशी बसून राहू?

गुडघ्याला पट्टा बांधला, स्टूल ओढलं आणि टाकीसमोर ठाण मांडलं. पण हात आत घालायचं धाडस होईना. मी रिस्काला म्हटलं, मुली, माझं काही ऐकू नकोस, माझा अंदाज चुकतो. तर ती म्हणते, "मग अंदाज करू नका ना अम्मा. हात लावून सांगा. दगड तुम्ही घासलेत, आता बघायचंही तुम्हीच." असा टोमणा मला माझ्या सासूनेही मारला नव्हता. आणि त्यानेच मी उठले.

रोज सकाळी आम्ही दोघी बसायचो. मी हात घालून सांगायचे, ती फोनवर चित्रं काढून ताडून बघायची. काचेवर परत आलेला तपकिरी थर बोटाने हललाही, निघालाही. ही धूळ. नव्या टाकीत ती येते, महिनाभर राहते आणि आपसूक जाते. मी तेव्हा हात बांधून बसले असते तर तो निळा मासा आज असता. हिरवं जावळ मात्र ओढलं तरी सुटेना, तुटून बोटांत आलं आणि बूड दगडालाच चिकटून राहिलं. आपल्या दोऱ्यांवर चढून पीक मारते ती मांजरलव, तिचीच ही बहीण! लाल पापुद्रा अख्खा सालासारखा सुटून आला, आत बुडबुडे. फोन म्हणाला की ते शेवाळच नव्हे, दुसराच काही सूक्ष्म जीव आहे, पाणी साचलं की वाढतो. रिस्काने पाणी फिरवायच्या पंपाचं तोंड तिकडे वळवलं आणि आठवड्यात तो दिसेनासा झाला.

एका दगडाच्या खालच्या अंगाला मात्र गुलाबी-जांभळा डाग होता, नखाएवढा. शमसुल पातं घेऊन खरवडायलाच निघाला होता. मी त्याचं मनगट धरलं. बोटाखाली तो डाग दगडासारखा कडक लागला, टवका निघेना. खडकावर कालवं वेचायला जायचो तेव्हा गुलाबी दगडावरच पाय ठेवायचो आपण, आठवतं? तो दगड कधी निसटायचा नाही. मी म्हटलं, पातं ठेव, हे टाकीचं हाड आहे, हे आलं म्हणजे टाकी जगणार. रिस्काने शोधून शोधून चित्र काढलं आणि ओरडलीच, "अम्मा, तुमचं बरोबर आहे!" अगं, चाळीस शेजाऱ्यांनी वाहवा केली असती तरी इतकं गोड लागलं नसतं.

राहिली मांजरलव. ती कशावर जगते? खतावर. रिस्का माशांना दिवसातून तीनदा खाऊ घालायची, लेकरांना भरवावं तसं. ते मी एकदावर आणलं. आणि उरलेलं खत खायला दुसरं कुणीतरी हवं होतं. ते मला भाजीबाजारात सापडलं! ताकालारहून आलेली बाई टोपलीत लावी-लावी घेऊन बसली होती, हिरवेगार द्राक्षांसारखे घोस, अजून समुद्राचं पाणी निथळत होतं. आपण खोबरं-मिरची-लिंबू घालून खातो तीच शेवाळाची भाजी. आपल्या तळ्यात ती कशी झपाट्याने माजते, दुसऱ्या कशाला अन्न उरू देत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं का? दोन मुठी घेतल्या. एक ताटात गेली, एक टाकीत.

हेंकीला कळलं तेव्हा तो दुकानभर हसला. "अम्मा, टाकीत कोशिंबीर केलीत? आता मिरचीपण घाला!" मी म्हटलं, घालीन, पण तुझ्या डोळ्यांत. रोज उठून मी लवेची शेंडी हाताने उपटायचे आणि लावी-लावी फार वाढली की कात्रीने छाटायचे, कारण फाजील वाढली तर ती स्वतःच विरघळून पाणी नासवते. दहा दिवस काही दिसेना. शमसुल येता-जाता "ईदला किती दिवस राहिले?" विचारायचा. पंधराव्या दिवशी लव फिकी पडली. विसाव्या दिवशी मी चिमटीत धरली, तर बुडासकट सुटून हातात आली. मी इतक्या मोठ्याने ओरडले की रिस्का हातातला बुरासाचा, नारळाच्या दुधातला भात टाकून धावत आली. आम्ही दोघी सासू-सुना भिजलेल्या हातांनी एकमेकींना मिठी मारून उभ्या होतो, आणि शमसुल आम्हाला वेड लागलं का ते बघत होता.

ईदला साहेब आले. बुरासा खाल्ला, कोंबडीचा रस्सा ओरपला आणि तासभर टाकीसमोरून हलले नाहीत. शमसुल छाती फुगवून सांगत होता, "आमच्या अम्माचं काम आहे हे." गटार म्हणणारं तोंड हेच ना, असं मी विचारलं, तेव्हा रिस्का पहिल्यांदा माझ्यादेखत खळखळून हसली. काल तर हेंकी स्वतः आला. काचेला नाक लावून गुलाबी डाग मोजले, सात झाले होते. मग मान खाली घालून म्हणाला, "अम्मा, जरा दुकानात येता? माझ्या तीन टाक्यांत काय उगवलंय तेच कळत नाही." गेले. बाह्या वर करून एकेका टाकीत हात घातला. धूळ. लव. लाल साल. ही वाढू दे, ही उपट, इथे खाऊ कमी कर. तो मागे मागे वहीत लिहून घेत होता. परतताना मी रिक्षा केली नाही, याच गुडघ्याने चालत आले, आणि वाटेत कुठेही बसले नाही.

आता खरं बोलते, कानांग. गुडघा हे निमित्त होतं. पश्चिमेचा वारा सुरू झाला त्या सकाळी तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दोरी वर धरून विचारलं होतंस, "चाया, ही धूळ की लव?" माझा गुडघा ठणकत होता, पाणी गार होतं. मी होडीतूनच, हात न लावता, म्हटलं, "धूळच. झटक आणि सोड." लव होती ती. पंधरा दिवसांत तुझ्याही दोऱ्या गेल्या, माझ्याही, आणि पैशाअभावी नुरुलचं लग्न वर्षभर पुढे गेलं. तू मला एकदाही बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर मी तिथेच राहिले असते. तुझ्या गप्प राहण्यातून मी पळाले. चूक माझी होती. हे मी आजवर कुणाजवळ म्हटलं नाही, तुझ्याजवळ म्हणते आहे. तुझ्या निरोपाचं उत्तर "नाही" असं आहे. माझ्या दोऱ्या तू चालवायच्या नाहीत, मी येते आहे, सोमवारी, सकाळच्या गाडीने. नुरुलला सांग, तिच्या लग्नाचं शेवाळ या हंगामात मी तुझ्या बरोबरीने पाण्यात उतरून काढणार आहे.

तुझीच,
चाया