सात वेळा मेलेल्या व्याह्याचं पत्र

नाशिक, रविवार,
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं

देवळ्याचे आमचे मानाचे व्याही केदाजीबापू यांस,

तुमच्या योगिनीचा सासरा गोरक्ष याचा मनापासून रामराम. तुमची, विहीणबाईंच्या गुडघ्याची आणि चाळीतल्या कांद्याची तब्येत कशी आहे ते कळवावे. (कांद्याचं आधी कळवलंत तरी चालेल, तुम्ही तसंच करता.) इकडे सगळं ठीक. तुमच्या जावयाची, अमोलची, कंपनीत पहिली पाळी चालू आहे. योगिनी मजेत आहे. परवा तिने माझे दोन सदरे उगाच धुऊन इस्त्री करून ठेवले, लग्नकार्य तर कुठे जवळपास नाही. माझीही प्रकृती उत्तम. जिना चढताना मी पहिल्या मजल्यावर थांबतो ते तिथल्या सुमनबाईंची विचारपूस करायला, दम लागतो म्हणून नव्हे. आतापर्यंत सुमनबाईंची इतकी विचारपूस झाली आहे की माझी चाहूल लागली की त्या हल्ली दार लावून घेतात.

पत्रास कारण की, तुमच्या कन्येने मला आजवर सात वेळा मारलं आहे.

घाबरू नका, आणि लगेच फोनही करू नका. तुमचा फोनवरचा आवाज आमच्या हॉलमधून थेट ओट्यापर्यंत जातो आणि प्रकरण ओट्यापाशी उभ्या असलेल्या व्यक्तीचंच आहे. म्हणून तर हे पत्र देवळा गाडीच्या वाहकाच्या हाती देतो आहे. एकतीस वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडल्या, तेवढी ओळख अजून शिल्लक आहे.

झालं असं की, गणपतीत योगिनीने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. जुन्या फोनमधून तिचं काहीतरी काढायचं राहून गेलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खिशात टिंग करून वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली : 'ताई, अण्णांना आजच मारा, गुरुवारपर्यंत धीर निघत नाही.' घरात मला अण्णाच म्हणतात हे तुम्ही जाणता. मी चष्मा पुसला. तोवर दुसरी टिंग : 'एकदम नको ताई, हळूहळू मारा, जास्त मजा येते.' तेवढ्यात योगिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, आज थोडी साखर घालू का?" चार वर्षं ही पोरगी मला साखरेच्या डब्याकडे बघू देत नाही, आणि नेमकं त्या दिवशी विचारते! चहा मी खिडकीतल्या तुळशीशेजारच्या गवती चहाला पाजला आणि तेव्हापासून कोपऱ्यावरच्या टपरीवर भागवू लागलो. (गवती चहा उत्तम आहे. हे मी रोज जाऊन बघत होतो.)

तिसऱ्या दिवशी छडा लागला. 'सूनबाई निघाल्या शेताला' ही मालिका तुमच्याकडेही लागते. तिच्यात सासरे अण्णासाहेब आहेत, मिशीवाले, सारखे झोपाळ्यावर बसून चहा पिणारे. आता त्या मालिकेचे जे चाहते आहेत त्यांचं एवढ्यावर भागत नाही. तीच माणसं घेऊन ते आपल्या मनाने गोष्टी लिहितात आणि फोनवर एकमेकांना वाचायला देतात. त्याला फॅनफिक्शन म्हणतात. आपली योगिनी 'गोदाकन्या' या नावाने लिहिते आणि तिला हजारावर वाचक आहेत. मला वाटलं होतं, माणसं एवढ्या हौसेने लिहितात तर मालिकेत जे दुःख आहे ते गोष्टीत दूर करत असतील. बापू, उलटं आहे. मालिकेत अण्णासाहेबांना साधा खोकला नाही. चाहत्यांना तेच सहन होत नाही.

योगिनीच्या एका गोष्टीत अण्णासाहेब त्र्यंबकच्या घाटात गेले, एकीत कांद्याच्या चाळीला आग लागली तिच्यात, एकीत वृद्धाश्रमात मुलाच्या फोनची वाट बघत. चौथीत तर ते नांदगावच्या गाडीत खिडकीशी बसल्या बसल्या गेले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कुणाला कळलंच नाही. (हे अशक्य आहे. तिकीट तपासायला वाहक तीनदा येतो. मी पेन्सिलीने टिपण करून ठेवलं आहे, पण कुणाला द्यायचं?) सगळ्यांत जास्त गाजली ती गोष्ट, ज्यात ते शेवटी जातात, पण त्याआधी सुनेलाच ओळखत नाहीत आणि रोज तिला विचारतात, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? ती वाचून मीही रडलो हे तुम्हाला म्हणून सांगतो.

या मंडळींची एक शिस्त मात्र मला फार आवडली. गोष्टीच्या डोक्यावर आधी सूचना असते : एक रुमाल, दोन रुमाल, किंवा पंचा. म्हणजे रडण्याचं प्रमाण. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, असं मी एकतीस वर्षं भोंग्यातून सांगितलं, तेच हे. एक रुमालाच्या गोष्टींकडे कुणी फिरकत नाही. पंचाला झुंबड. पण याही लोकांना एक मर्यादा आहे बरं का. सहाव्या गोष्टीत योगिनीने अण्णासाहेबांसोबत त्यांची कपिला गाय मारली, तर तीनशे बाया तिच्यावर तुटून पडल्या. म्हातारा मेला तरी चालेल, मुक्या जनावराने काय घोडं मारलं होतं? दोन तासांत कपिला जिवंत झाली. अण्णासाहेब तसेच पडून राहिले.

मग मीही उतरलो मैदानात. खातं उघडताना नाव मागितलं, तर हाताने आपोआप 'कुसाबाई' लिहिलं. (आमच्या हिला, तुमच्या विहिणीला, जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं नाव असं पडद्यावर बघून चष्मा पुन्हा पुसला.) कुसाबाईंनी विनंती केली की अण्णासाहेबांना जगू द्यावं, सज्जन माणूस आहे. उत्तर आलं, सुखाचं वाचायचं असेल तर कॅलेंडरच्या मागचं वाचा. मग कुसाबाईंनी स्वतःच एक गोष्ट लिहिली : अण्णासाहेबांचा गुडघा बरा होतो, सगळे मिळून शिरा खातात, गाडी वेळेवर सुटते. अकरा वाचक. एकच प्रतिक्रिया : 'छान. पण मरतात कधी?'

त्यांच्यात एक पिंपळगावच्या भागीबाई आहेत, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मणी निवडतात. त्यांना मी जरा रागानेच विचारलं, बाई, एवढं दुःख तुम्हाला लागतं कशाला, घरी कमी आहे का? त्यांनी लिहिलं, 'ताई, घरच्या दुःखात रडायला कुठं फुरसत हाय? तिथं धीर द्यायचं काम आमच्याकडं. इथं चहाच्या सुट्टीत दहा मिनटं दुसऱ्याच्या म्हाताऱ्यासाठी रडते, डोळे पुसते, पुढची पेटी घेते. लय हलकं वाटतं.' मी त्यांना नमस्काराचं चित्र पाठवलं.

आणखी एक महाभाग आहे, नाव 'कांदेबहाद्दर'. याच्याइतका रक्ताचा तहानलेला वाचक दुसरा नाही. प्रत्येक भागाखाली अहिराणीतून त्याचं एकच : 'आते म्हताराले मारीच टाका.' आणि पुढे, काही संबंध नसताना, पावसापाण्याची चौकशी : 'तुमनाकडे पाणी कसं शे?' याच्याविषयी शेवटी बोलतो.

शेवटी मी सरळ योगिनीलाच विचारलं. ती घेवड्याच्या शिरा काढत होती. मी म्हटलं, "पोरी, मी तुला जड झालो का?" तिला आधी काही कळेना. मग मी फोन दाखवला, तेव्हा ती इतकी लाजली की निवडलेला घेवडा शिरांत आणि शिरा पातेल्यात गेल्या. म्हणाली, "अण्णा, नकोशा माणसाला मारून कोण रडणार? ज्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो त्यालाच मारावं लागतं." मी विचारलं, मग त्या सुनेचे वडील भाऊसाहेब, त्यांना का नाही? ती म्हणाली, "त्यांचं मला सुचलंच नाही." बापू, वाईट वाटून घेऊ नका, पण चाळीस भागांत तुमच्या जागी असलेल्या माणसाला एक शिंकही आलेली नाही आणि मी सात वेळा गेलो आहे. त्या दिवसापासून मी परत घरचा चहा घेऊ लागलो.

आता आठव्या गोष्टीचं सांगतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. तिच्यात अण्णासाहेबांना डॉक्टर एक पाकीट देतात आणि ते घरात कुणाला न सांगता लपवून ठेवतात. वाचक वेडे झाले आहेत. पाकीट लपवलेला माणूस त्यांना फार आवडतो. मला विचाराल तर शुद्ध मूर्खपणा. घरात शिकलेला मुलगा, सोन्यासारखी सून, आणि हा गृहस्थ पाकीट उशीखाली घालून झोपाळ्यावर बसतो! तसं एक पाकीट माझ्याकडेही आहे म्हणा. पंधरा दिवसांपूर्वी मी एकटाच जाऊन दाखवून आलो. हृदयाच्या नळ्यांत तीन ठिकाणी अडथळा आहे, येत्या गुरुवारी दाखल व्हा, टाळू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. पण माझं वेगळं आहे. मी ते उशीखाली ठेवलेलं नाही, एसटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या पुस्तकात ठेवलं आहे, आणि लपवलेलंही नाही, फक्त द्राक्षांचा हंगाम होईपर्यंत पुढे ढकललं आहे. (आपली द्राक्षबाग नाही हे मला ठाऊक आहे.) खरं सांगायचं तर भीती वाटते बापू. गाडी सुटताना मी नेहमी खाली उभा असायचो. आत बसून जायची सवय नाही.

असो. मंगळवारी बारावा भाग आला आणि खाली योगिनीने मतदान ठेवलं : अण्णासाहेब जगावेत की जावेत? येत्या गुरुवारी सकाळी बंद होणार. आजचा आकडा, जावेत चारशे बारा, जगावेत नऊ. (नवातली एक कुसाबाई.) तेरावा भाग शनिवारी यायचा तो शुक्रवारीच आला, आणि एरवीच्या मानाने अगदीच तोकडा. सुनेला पाकीट सापडतं. ती काही बोलत नाही. दोन सदरे, एक थर्मास आणि चष्म्याचं घर पिशवीत भरते, आणि गुरुवारी त्यांना हाताला धरून जिना उतरवते. बस, एवढंच. डोक्यावर रुमाल नाही, पंचा नाही, काही सूचनाच नाही. वाचक खूश आहेत, म्हणतात ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, व्वा ताई! मला मात्र हा भाग घाईत लिहिल्यासारखा वाटला.

बाकी सर्व कुशल. विहीणबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पुढच्या गाडीनेही पाठवून द्यावा.

आपला,
गोरक्ष

ता. क. : पत्रासाठी कोरं पाकीट शोधायला म्हणून आत्ता ते वेळापत्रकाचं पुस्तक काढलं. डॉक्टरांचं पाकीट जागेवरच आहे, पण त्यावर हळदीचा अंगठा उमटलेला आहे. मी हळदीला हात लावत नाही. मग उठून दाराआड बघितलं. तिथे पिशवी भरून ठेवलेली आहे. इस्त्रीचे दोन सदरे, थर्मास, आणि चष्म्याचं एक नवं घर. शुक्रवारपासून ती मला काही म्हणाली नाही, आणि इतका वेळ मीही काही ओळखलं नाही. आज सकाळी तिने मला साखरेचा चहा दिला, तोही मी न विचारता प्यालो होतो.

ता. क. २ : बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीने या. माझ्यासाठी नव्हे. गुरुवारी मी आत असेन, मला झोपवतील. अमोल दाराशी येरझाऱ्या घालील. पण या पोरीला माझ्यासाठी रडायची सवय आहे ती फक्त लिहून, आणि गुरुवारी तिच्या हातात फोन नसावा, कुणाचा तरी हात असावा. तुमच्यासाठी ती एक शिंकही का लिहू शकली नाही, ते मला आत्ता कळलं : जिथे खरी भीती असते तिथे तिच्याने लिहवत नाही.

ता. क. ३ : बापू ऊर्फ कांदेबहाद्दर, इकडे पाणी बरं आहे. दिलेलं मत बदलता येतं, मी बघून ठेवलं आहे. मुदत गुरुवार सकाळपर्यंत.